गच्चीवरची डिस्क

वेलचेरीच्या अलमेलूबाईंनी तीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे "जमणार नाही" ऐकलं की त्यांना चेव चढायचा. कॉम्प्युटर सुरू होईना, तेव्हा दुकानदार म्हणाला, मशीनसोबत आलेल्या मूळ डिस्कशिवाय जमणार नाही. ती तर बाईंनीच वाळत घातलेल्या वडामांवरचे, म्हणजे तांदळाच्या पापड्यांवरचे, कावळे हाकलायला गच्चीवर टांगली होती. उन्हानं तिचे पापुद्रे निघालेले. बाईंनी मशीनचं माहितीपुस्तक पालथं घातलं आणि खुर्चीतून उठल्याच. डिस्कवर जे होतं त्याची एक प्रत मशीनच्या पोटातच दडलेली होती. त्यांनी एफ इलेव्हनची कळ दाबून धरली. तासाभरात मशीन उठलं, आणि बाईंनी सगळा मजला गोळा केला.

"मग ती डिस्क काढू खाली?" यजमान शेषाद्रींनी विचारलं.

"राहू दे. ती बिघडलीय हे कावळ्यांना कुठं ठाऊक आहे?"