खुर्चीत बसवलेले सासरे

लग्नानंतर पंधरा दिवसांनी आम्ही सात रस्त्याजवळच्या एका फोटोवाल्याकडे गेलो. मी, गिरणीत कामाला असलेला नवरा आणि सासू. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती, तरी सासूने त्यांनाही गाठोड्यात बांधून आणलं होतं: लाल पटका, मेंढरांमागची काठी आणि काळी घोंगडी.

फोटोवाल्याने मागे राजवाड्याचा पडदा सोडला. सासूने राजवाड्यापुढे खुर्ची ओढली, घोंगडी पसरली, पाठीला पटका अडकवला, काठी टेकवली.

"इथं कोण बसणार?" फोटोवाल्याने विचारलं.

"बसल्यात की. आमचं मालक."

तो शिंकला. घोंगडीला अजून मेंढरांचा वास येत होता. सासऱ्यांचाही असेल, मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

माझ्या पदराखाली आईचं उलथणं होतं. मी दहा वर्षांची असताना आई गेली, आणि तिचं एवढंच माझ्याकडे उरलं. याच उलथण्याने ती भाकरी उलटायची आणि आम्हा भावंडांना सरळ करायची.

"काय लपीवलंस गं?" सासूने विचारलं.

"आईचं हाय, आत्याबाई."

वाटलं, आता हसणार. तिने उलथणं घेतलं, पदराने पुसलं आणि घोंगडीच्या मधोमध ठेवलं.

"उभ्यानं दमतील इहीणबाई. बसू दे."

नवरा खुदखुदायला लागला. फोटोवाला काळ्या कापडात शिरून ओरडला, "कुणी हलू नका!" सगळ्यांत कमी हलले ते सासरेच. मला रडू येत होतं आणि हसूही, त्यामुळे फोटोत माझं तोंड दाढ दुखल्यासारखं आलं.

पुढच्या महिन्यात वडील कुंभारीहून मला भेटायला आले. फोटो त्यांनी दारातल्या उजेडात नेऊन पाहिला.

"ह्ये खुर्चीत काय हाय?"

"आईचं उलथणं."

"आन् त्याच्याखाली?"

"मामंजींची घोंगडी."

वडिलांचं तोंड लाल झालं. "म्हंजी माझी बायकू ह्येंच्या मांडीवर बसवली?"

"मेलेल्या मानसांचं काय घेऊन बसलाय, पाव्हणं?" सासू चुलीपाशी बसून म्हणाली.

"मेली म्हून काय झालं? माझीच हाय की!"

आई जिवंत असताना ते तिला नुसतं 'ए' म्हणायचे. आता मात्र तिच्यापायी ताटावर बसेनात. मी विनवलं, नवऱ्याने विनवलं. रात्री ते तसेच झोपले. सकाळी सासूच उठली आणि म्हणाली, "चला, फोटू पुन्यांदा काढू. खुर्चीत तुमीच बसा."

नवरा गिरणीत, मी भाकऱ्या थापत होते, म्हणून दोघंच गेले. दुसरा फोटो मोठा झकास आला. वडील खुर्चीत, उलथणं तलवारीसारखं छातीशी धरलेलं. शेजारी सासू, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि पटका काखेत मारलेला. परत येऊन वडील चार भाकऱ्या जेवले.

दोन्ही फोटो आमच्या घरात शेजारीशेजारी लागले. नवीन कुणी आलं की दुसऱ्यापुढेच थांबायचं आणि विचारायचं, "लगीन उशिरा केलं वाटतं ह्येंनी?"

सासू घागर उचलून तडक पाण्याला निघून जायची. घागर भरलेली असली तरी.