सव्वीस अंशांत गारठलेल्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई रुसून गेल्या नव्हत्या, गारठून गेल्या होत्या. आणि त्यांना गारठवलं मी.

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आधी नातीचं बारसं होतं, मग तिला दात येत होते, मग ती शाळेत जाऊ लागली. योग्य वेळ काही सापडेना. आता विहीणबाई, म्हणजे आमच्या सुनेच्या आई, तासगावच्या अक्का, या जगात नाहीत. सूनबाई मात्र डोहाळेजेवणाचे फोटो काढून बसली की एका फोटोपाशी अजून थांबते. त्यात फुलांनी मढवलेला झोपाळा आहे, ओटी आहे, अख्खी गल्ली आहे, आई नाही. म्हणून लिहितो.

साताऱ्याला किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं घर. बांधताना मुलाने, निशिकांतने, त्यात एक यंत्र बसवून घेतलं. गच्चीवर एकच धूड; तेच उन्हाळ्यात सगळ्या खोल्यांना गारवा देणार आणि हिवाळ्यात ऊब. हॉलच्या भिंतीवर त्याची काळी चकचकीत पाटी. प्रत्येक खोलीसाठी त्यात एक चौकोन. चौकोनात एक मोठा आकडा, खाली मुंगीएवढा एक लहान आकडा, आणि शेजारी कधी ज्योत, कधी फूल. (ते फूल नव्हतं, बर्फाचं चिन्ह होतं. पण ज्याच्या दारात तगर आहे, त्याला ते तगरीचंच वाटणार.) निशिकांत नोकरीनिमित्त पुण्याला. जाताना बजावून गेला, "बाबा, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही."

नुसतं बघणं मला फार चांगलं जमतं. नोकरीची सगळी वर्षं मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहायच्या, भोंग्यावर पुकारा करायचा, आणि नंतर खिडकीतून नुसतं बघायचं. त्यामुळे जेवण झालं की मी पाटीसमोर आरामखुर्ची टाकत असे. पडदे ओढलेले, घर शांत, आणि त्या मंद काळोखात निळे आकडे तरंगत असायचे. डोळे जड झाले की चौकोनांचे फलाट व्हायचे. देवघराची गाडी लागायची, स्वयंपाकघराची सुटायची, आणि कुठल्याशा लांबच्या गावाहून तगरीच्या फुलांनी भरलेली एक रिकामी गाडी आवाज न करता आत यायची. तिच्यातून कोणी उतरत नसे. मीच चढायचो.

अशाच एका गुंगीत माझ्या हातून ते घडलं. हिवाळ्यात निशिकांतने सगळीकडे ज्योत लावून ठेवली होती, आणि मला बंद खोलीतल्या उबेत झोप येत नाही. उशाची खिडकी उघडी आणि अंगावर जाड गोधडी, ही माझी लहानपणापासूनची पद्धत. मी माझ्या खोलीचा रिमोट घेतला, ज्योत घालवली आणि फूल आणलं. छान गार वाटलं. झोपलो. विसरलो.

दोन दिवसांनी अक्का आल्या. लेकीच्या डोहाळेजेवणासाठी द्राक्षांच्या पेट्या आणि बेदाण्यांचा डबा घेऊन, तासगावच्या उन्हातून थेट साताऱ्याच्या पौषात. विहिणीचा मान म्हणून मी त्यांना उत्तरेची मोठी खोली दिली आणि पाटीवर तिचा चौकोन पाहिला. मोठा आकडा सव्वीस. शेजारी ज्योत, आणि तीही लुकलुकणारी. निरांजन जिवंत असलं की ज्योत हलतेच. म्हणजे आत चांगलंच पेटलेलं होतं. खालच्या लहान आकड्याला मी तारीख समजत होतो. (प्रत्येक खोलीची तारीख वेगळी कशी, हा प्रश्न मला पडला नाही.)

आता सव्वीस अंशांत माणसाला गोधडी कशाला? उकडून जीव जाईल. अक्कांच्या पलंगावरच्या दोन्ही गोधड्या मी स्वतः उचलल्या आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवल्या. एक पातळ चादर तेवढी राहू दिली, तीही शोभेला.

सकाळी अक्का दोन लुगडी एकावर एक नेसून, कानाला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. मी विचारलं, "विहीणबाई, उकडलं नाही ना रात्री?"

त्यांनी कानावरचा टॉवेल आणखी घट्ट केला. मग म्हणाल्या, "न्हाई पावणं. उकडाय काय बी झालं न्हाई."

लेकीच्या सासरी गैरसोयीबद्दल ब्र काढायचा नाही, या वळणाच्या त्या. नाश्ता झाल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅसपाशी पाट मांडून बसल्या, त्या उठेचनात. आमच्या हिला वाटलं, आपल्या स्वयंपाकावर नजर ठेवताहेत. ती घुश्शात. दुपारी अक्का गच्चीत उन्हाला जाऊन बसल्या. तेव्हा शेजारणीला वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय. मी सगळ्यांना समजावत होतो, की खोली सव्वीसवर आहे, पाटीवर लिहिलंय, आणखी काय करायचं माणसाने? एखाद्याचा स्वभावच तसा असतो.

डोहाळेजेवणाच्या दिवशी सकाळी अक्कांनी पिशवी भरली. द्राक्षं तोडणीला आलीत, व्यापारी येणार आहे, असं म्हणाल्या. नाक लाल, आवाज बसलेला. सूनबाईला वाटलं, रडल्यात. "आई, आजच्या दिवस तरी थांब," असं ती म्हणाली, तेव्हा अक्कांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या निघाल्या. तो हात किती गार होता, हे सूनबाईने पुढे कितीदा तरी सांगितलं. तिने त्याचा अर्थ माया आटली असा लावला. आमच्या हिने मानपान कमी पडल्याचा लावला. मी आकड्याचा हवाला देत राहिलो.

संध्याकाळी निशिकांत पुण्याहून पोचला. पाहुण्यांनी पाटीबद्दल विचारलं, तसा तो खुलला. "मोठा आकडा म्हणजे आपण मागितलेलं. खरं किती आहे ते खालच्या लहान आकड्यात. आणि ज्योत लुकलुकते म्हणजे खोली ताटकळत बसलीय. हे यंत्र एका वेळी गरम तरी करतं नाहीतर गार तरी. कुठल्यातरी खोलीने गार मागितलं, की बाकीच्यांनी थांबायचं."

मी लहान आकडा पाहिला. उत्तरेच्या खोलीत चौदा. (बाकीच्यांना गोधड्या होत्या, म्हणून कोणाला कळलं नाही.)

मोठा आकडा म्हणजे फळ्यावरची वेळ आणि लहान आकडा म्हणजे खरी गाडी! फळ्यावर लिहिलेलं आणि फलाटावर लागलेलं यांतलं अंतर साताऱ्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आयुष्यभर मी तेच अंतर खिडकीतून बघितलं होतं. मी हळूच माझ्या खोलीत गेलो आणि फूल घालवलं. थोड्या वेळाने घरभर ऊब पसरली. पाहुण्यांनी वा वा केलं. झोपाळ्यावर सूनबाई दाराकडे बघत होती. आणि मी पाहुण्यांना अक्कांचे बेदाणे वाटत होतो.

पुढे काही वर्षांनी एका उन्हाळ्यात मात्र मनाचा हिय्या करून तासगावला गेलो. अक्का बेदाण्याच्या शेडमध्ये होत्या. जाळ्यांवर द्राक्षांचे एकावर एक हिरवे थर सुकत होते, त्यांतून गरम, गोडसर वारा संथ वाहत होता, आणि बोलायला आलेला माणूस झोपी जाईल अशी ती दुपार होती. वाटेत जुळवलेली वाक्यं मी मनात पुन्हा एकदा म्हटली आणि तोंड उघडणार, तोच अक्का आत जाऊन एक गोधडी घेऊन आल्या. त्यांच्याच लुगड्यांची, बारीक टाक्यांची.

"ही न्या पावणं. तवापास्नं शिवायची म्हणत हुते. तुमच्याकडं गोधड्यांची वाईच अडचण हाय, ते मला तवाच दिसलं. असतंय एखाद्या घरात. म्हणून मी कुनाला काय बी बोलले न्हाई, लेकीला बी न्हाई."

त्या आमची लाज झाकत होत्या. इतकी वर्षं. आणि मी, ज्याच्या खोलीत त्यांच्या दोन गोधड्या आयत्या पडलेल्या होत्या, तो म्हणालो, "टाके छान आहेत."

परतताना तासगावच्या स्टँडवर गोधडी मांडीवर घेऊन बसलो. फळ्यावर गाडीची वेळ होती, फलाटावर गाडी नव्हती. भोंगा खरखरला आणि आतला माणूस एका दमात म्हणाला, की साताऱ्याची गाडी उशिरा धावत आहे, प्रवाशांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. हे वाक्य मी नोकरीत हजारो अनोळखी माणसांना ऐकवलं होतं, तेही चहा पिता पिता. अक्कांच्या शेडमध्ये भोंगा नव्हता, एवढीच काय ती अडचण झाली.