साडूभाऊंची एक ओळ

माझ्या साडूभाऊंइतका कमी शब्दांत एवढा त्रास देणारा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात मिळणार नाही. घोलवडला त्यांची चिकूची वाडी आहे, पण जीव सगळा एका ओळीच्या हायकूत. सांगायचं ते एका चित्रात सांगून गप्प बसावं, असं त्यांचं मत. आणि ऐकणाऱ्यानेही गप्प बसावं, हा आग्रह. एकदा मेव्हणीने त्यांना सुके बोंबील आणायला चिंचणीला पाठवलं. दुपार टळल्यावर हात हलवत परतले आणि दारातूनच म्हणाले, “वाळत घातलेल्या बोंबलांच्या फटीतून समुद्र.” मेव्हणी क्षणभर थांबली, खरंच थांबली, मग म्हणाली, “समुद्र राहू दे. बोंबील कुठायत?”

डहाणूच्या एका कविसंमेलनात त्यांना दहा मिनिटं दिली होती. “ओहोटी, होडीच्या सावलीत कुत्रं,” एवढं म्हणून ते तसेच उभे. अध्यक्षांनी खाकरून विचारलं, “पुढे?” साडूभाऊ शांतपणे म्हणाले, “एक मिनिट वाचायला, नऊ ऐकायला.” त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांना वाटतं, लोक अजून ऐकतायत.

गेल्या वर्षी माझी आई गेली. तलासरीच्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली होती आणि मी कोरड्या डोळ्यांनी सगळं नीट पार पाडत होतो. मी शाळेत मराठीचा मास्तर; तेराव्यानंतर तिच्यावर चांगली चार पानी कविता लिहिली. साडूभाऊंनी ती हातात घेतली, खिशातून पेन्सिल काढली आणि खोडायला लागले. माया गेली, पदर गेला, चंदनाचं झिजणं तर पहिल्याच फटक्यात गेलं.

“अहो, आई आहे माझी,” मी चिडून म्हटलं.

त्यांनी कागद पुढे केला. एकच ओळ उरली होती: ‘आईच्या उंचीवर ठोकलेली खुंटी, रिकामी.’ मग त्यातल्याही ‘रिकामी’वर काट मारून म्हणाले, “ते दिसतंय, मास्तर.”

मी भिंतीकडे पाहिलं. आई ठेंगणी, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी वडिलांनी तिच्या पिशवीसाठी ती खुंटी खाली ठोकली होती. येता-जाता कोपराला लागायची. काढून टाकू म्हणून मी आईशी कितीदा वाद घातला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं. साडूभाऊंनी समजूत घातली नाही, नुसते शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने पाणी आणायला आत गेले. परतताना हातात तांब्या होता, तरी दारात ते किंचित तिरके झाले, खुंटीला धक्का लागू नये म्हणून.