किल्ली परत देताना

गाडी तापली की माझं डोकं फिरायचं, आणि डोकं फिरलं की सगळा राग बायकोवर निघायचा. आता सांगताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

बायको पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली. आमच्या भाजे गावातून लोणावळ्याला रोज दुपारी तीस डबे न्यायची, हॉटेलांत राबणाऱ्या माणसांचे. आमच्या जुन्या गाडीनं पावसाळाभर चांगली साथ दिली. दिवाळी झाली आणि तिनं अंग काढून घेतलं. पर्यटकांच्या गर्दीत जरा रांगावं लागलं की तापमानाचा काटा लाल रेषेवर. मग ही बिचारी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी, आणि मागे डबे गारढोण. दोनदा असं झाल्यावर तिकडून निरोप आला, सोमवारी डबे वेळेवर आले नाहीत तर आम्ही दुसरीकडे बघू.

मी कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. यंत्रातलं आपल्याला कळतं ही मस्ती अंगात भिनलेली. कूलंट पाहिलं, काठोकाठ होतं. पाइप चाचपले, थेंबभर गळती नाही. मग उरलं काय? चालवणारी. सारखा अर्धा क्लच दाबून ठेवतेस म्हणून इंजिन तापतं, असं मी तिला सुनावलं, तेही घराशेजारच्या खळ्यावर भात झोडायला जमलेल्या बायकांसमोर. वर किल्लीही काढून घेतली.  

रविवारी सकाळी मी स्वतः गाडी काढली. कशी चालवतात ते दाखवून द्यायचं होतं ना! लोणावळ्याच्या अलीकडे वाहनांची रांग लागली आणि दहाव्या मिनिटाला काटा लाल रेषेवर. क्लचवर पाय माझाच होता. 

गाडी थंड करत करत बाजारामागच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यानं रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं, इंजिन चालू करून वरचा पाइप गरम होईपर्यंत हात लावून थांबला, पंखा फिरतो याची खात्री केली. सगळं ठीक. मग कालच्या पेपरचं एक पान फाडलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा हवा ओढतो, त्यामुळे कागद तिथं चिकटायला हवा होता. तो सरळ घसरून खाली पडला.

“हिचं नाक कुणी दाबलंय, भाऊ? वाराच आत जात न्हाई.”

त्यानं पुढची जाळी खोलली आणि आत बघून मी नजर वळवली. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून दसऱ्याला मीच आतून डासांची बारीक जाळी बसवली होती. पुढे खळ्यावर झोडणी सुरू झाली आणि उडालेलं भाताचं तूस तिच्यात बसलं, थरावर थर. ही अक्कल कुणाची, असं त्यानं विचारलं. आधीच्या मालकाची, असं मी सांगून टाकलं. त्यानं ती डासांची जाळी उपटून बाजूला फेकली.

घरी आलो तेव्हा खळ्यावर त्याच बायका होत्या. बायको सूप घेऊन त्यांच्यातच बसलेली. सरळ तिच्याकडे गेलो. तिच्यासमोर किल्ली धरली.

“जाळी मी बसवली होती. तुझ्या क्लचचा काही दोष नव्हता. उगाच बोललो.”

तिनं हात पदराला पुसले आणि किल्ली घेतली. बायका हसल्या, हसू देत.

सोमवारी मी शेजारी बसलो. त्याच रांगेत पंधरा मिनिटं अडकलो, काटा मधल्या खुणेवरून ढळला नाही. माझं लक्ष काट्यावर, तिचं रस्त्यावर. काय झोकात चालवते ती, हे मी इतक्या महिन्यांत पाहिलंच नव्हतं. डबे गरमागरम पोचले. हॉटेलच्या दारात एकानं माझ्याकडे बोट करून हे कोण म्हणून विचारलं.

“आमचे मालक,” ती डबे माझ्या हातात देत म्हणाली. “आजपास्नं डबे उचलायला येत्यात.”