लोकरीचे स्तन आणि कार्डवाले

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात मिडवाइफ म्हणून मी सगळी नोकरी काढली. नव्या आईला बाळ अंगावर कसं घ्यायचं हे शिकवायला आमच्याकडे एक लोकरीचा स्तन असे. विणलेला, आत कापूस भरलेला. इथल्या कुठल्याही वॉर्डात सापडेल असा. बाळाने तोंड किती उघडायला हवं, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळसर भागही तोंडात कसा जायला हवा, हे त्यावर दाखवलं की आईला चटकन कळतं. पण तो होता गुलाबी. समोरची आई जमैकाची असो की सांगलीची, दाखवायला तीच गुलाबी लोकर. निवृत्त झाल्यावर मी गव्हाळ, सावळ्या आणि गडद तपकिरी लोकरीचे गुंडे आणले आणि विणायला बसले.

जुन्या मैत्रिणींनी ते वॉर्डात नेले, तिथून ते दुसऱ्या हॉस्पिटलांत गेले. मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या मुलीने एक छोटी वेबसाइट करून दिली. लोक कार्डाने पैसे भरत, मी पार्सल बांधून पोस्टात देऊन येई. वेल्समधून ऑर्डर येत, स्कॉटलंडमधून येत, पुढे नेदरलँड्समधल्या एका मिडवाइफनेही मागवायला सुरुवात केली.

मग एका सकाळी वेबसाइटवर कार्ड चालेनासं झालं. कार्डाचे पैसे गोळा करून आमच्या बँकेत पाठवणाऱ्या कंपनीने आमचं खातं बंद केलं होतं. कारण दिलं होतं ‘ॲडल्ट गुड्स’. म्हणजे इथल्या काळ्या काचा लावलेल्या ‘सेक्स शॉप’मध्ये विकतात तसल्या वस्तू. मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाची ईमेल चुकून आली. अर्थ लक्षात आला तेव्हा कान तापले.

मी त्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मऊ बोलणारा मुलगा होता. त्याला सगळं समजावलं, फोटो पाठवले, कुठल्या कुठल्या वॉर्डात हे वापरतात तेही सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा उलट फोन आला. त्याला स्वतःला पटत होतं, असं म्हणाला.

“पण मॅडम, नियम आमचा नाही. कार्ड नेटवर्कचा आहे.”

“मग माझं नेटवर्कशी बोलणं करून द्या.”

“ते दुकानदारांशी थेट बोलत नाहीत.”

बँकेत गेले, तर तिथेही हेच. शेवटी मुलीने मला उलगडून सांगितलं. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी मोडकं आणि तिच्यासारखंच घाईत असतं. म्हणाली, “आई, आपला बँक काही करू शकत नाही. कार्ड टॅप केला की पैसे दोन अमेरिकन कंपन्यांपैकी एकाच्या सिस्टिममधून जातात. दुसरा रस्ताच नाही. ते नो म्हणाले की नो.”

मी या देशात इतकी वर्षं टॅक्स भरला. इथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, माझं दुकान बंद केलं असतं तर मी कौन्सिलरच्या दारात जाऊन भांडले असते. कोर्ट आहे, खासदार आहे. इथे मात्र भांडायला दारच नव्हतं. माझ्या वस्तूकडे ज्याने डोळे वर करून पाहिलंही नसेल अशा कुणीतरी समुद्रापलीकडे बसून ती अश्लील ठरवली होती, आणि आमचा सगळा देश मान डोलवत होता.

नेदरलँड्सच्या मिडवाइफला मी कळवलं की पैसे घेता येत नाहीत. तिला नवल वाटलं. त्यांच्याकडे ऑनलाइन कार्ड फारसं कुणी वापरतच नाही, असं तिने लिहिलं. तिथल्या बँकांनी स्वतःची पद्धत काढली आहे, आणि आता शेजारचे काही देश मिळून साऱ्या युरोपची एक पद्धत उभी करताहेत. तुम्हीही तीच घ्या, इतकं साधं तिला वाटलं. मुलीने चौकशी केली. थेट घ्यायची तर तिकडच्या देशात खातं हवं, आणि ब्रिटन तर युरोपीय संघातून बाहेर पडलेलं. मधल्या कंपनीमार्फत घ्यायची तर जिने आम्हाला बंद केलं तीच कंपनी, किंवा तिच्यासारखीच दुसरी. तिथेही वस्तूंची तीच यादी, तेच ‘ॲडल्ट’.

मग मी त्या मिडवाइफला विणायची सगळी रीत लिहून पाठवली, टाके कुठे घटवायचे त्यासकट. फुकट. आता त्यांच्या गावातल्या बायका विणतात आणि त्यांच्या त्यांच्या बँकेच्या पद्धतीने विकतात. त्याचा मला आनंद आहे. पण माझंच विणकाम तिथे मोकळेपणी विकलं जातं आणि माझ्या घरातून नाही, हे आठवलं की जेवण गोड लागत नाही.

काही आठवड्यांनी कंपनीने कळवलं की फेरविचार झाला, खातं सुरू करू. माफी नाही. अटी मात्र होत्या. ‘स्तन’ हा शब्द काढायचा, ‘फीडिंग एड’ लिहायचं, आणि फोटोत बोंड दिसता कामा नये. म्हणजे मागची सपाट बाजू दाखवायची. बाळ जे शोधत येतं तेच झाकायचं.

मुलगी म्हणाली, “आई, जस्ट करून टाक. कोण वाचतो?”

मी नाही म्हटलं. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. ती म्हणत होती की तत्त्वापायी तू विक्री घालवतेस. ह्यांनीही तिचीच बाजू घेतली. मी तरी ऐकलं नाही. आयुष्यभर बायकांना सांगत आले की यात लाजण्यासारखं काही नाही, आणि आता मीच लाजून दाखवू?

अखेर तिनेच वेबसाइटवर बँकेतून थेट पैसे भरायचं बटण बसवून दिलं. गिऱ्हाईक आपल्या बँकेच्या ॲपमध्ये होकार देतं, पैसे सरळ आमच्या खात्यात येतात, मध्ये कार्ड नाही. देशातल्या देशात ते छान चालतं. पण लोक बिचकतात. यात काही फसवणूक तर नाही ना, असं विचारतात, आणि बरेच जण तिथूनच परत जातात. विक्री निम्म्यावर आली आहे.

परवा मिडवाइफरी शिकणाऱ्या एका मुलीने फोन करून विचारलं की कार्ड का घेत नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की त्यांच्या वर्गातही हल्ली ‘फीडिंग एड’च म्हणतात, तेच बरं पडतं. तिने गडद रंगाचा एक मागवला. मी तो विणून दिला, पण विणताना सुया नुसत्या रागाने चालत होत्या.