सिस्टीममधले नारळ

आमच्या ऑफिसचे किस्से मी कधी मुद्दाम साठवले नाहीत. पण गोडाऊनात कोपऱ्यात एक खोकं ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरं येऊन बसतं, आणि थोड्या दिवसांनी तिथून चालायला वाट राहत नाही. माझ्या डोक्याचं तसंच झालंय. मागच्या रविवारी मैत्रिणींना एकच सांगायला बसले, तर चहा परत गरम करावा लागला. हे सगळे किस्से एका पासवर्डपायी घडलेले आहेत, आणि त्यात माझा जीव किती जळला ते शेवटपर्यंत ऐकलंत तर कळेल.

आधी माणसं सांगते. मी मनीषा, खारबावची. भिवंडीजवळ वडप्याला हायवेला लागून दादांची गोडाऊनं आहेत, तिथला स्टॉक मी सांभाळते. दादा म्हणजे मालक. बापू म्हणजे दादांचे थोरले काका, अंजूरला राहतात. त्यांनी जमिनी विकू दिल्या नाहीत म्हणून आज त्यांवर गोडाऊनं उभी आहेत, तेव्हा ऑफिसात त्यांची खुर्ची दादांच्या खुर्चीपेक्षा मोठी. आणि गेटवर कासमचाचा. त्यांच्या घरचे भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. ते विकले, पण आवाज अजून लूम चालू असल्यासारखाच लावतात.

आमचं स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवणारा मुलगा कॅनडाला गेला. थोड्याच दिवसांत त्याने केलेली पुढची छान छान स्क्रीन बंद पडली. राहिलं काय, तर एक लिंक. ब्राउझरमध्ये ती उघडली की मागचा सगळा डेटाबेस समोर येतो: कुठल्या कंपनीचा कुठला माल, किती, कुठे. सगळे रकाने उघडेबोडके. दादांना वाटलं, झालं की. "पासवर्ड हाय ना आपल्याकडं? मग शिकून घेऊ."

आणि ठाण्याहून एक सर आले. दुपारी जेवणानंतर क्लास सुरू झाला.

* * *

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की हा डेटा आपल्या कम्प्युटरात नाही, तो लांब कुठेतरी सर्व्हरवर आहे.

दादांनी विचारलं, "जागा कोनाची?"

सर म्हणाले, होस्टिंग कंपनीची.

"म्हंजे आपला माल दुसऱ्याच्या जागेत?"

"हो. आपण वर्षाला भाडं भरतो."

ज्या माणसाचं सगळं घर भाड्यावर चालतं, त्याला आज कळलं की तो स्वतः कोणाचा तरी भाडेकरू आहे. संध्याकाळी निघताना मला हळूच म्हणाले, "मनीषा, ती कंपनी जागा विकते का, इचार."

* * *

दुसऱ्या दिवशी बापू नारळ घेऊन आले. नवीन काम, नारळ तर फोडायलाच पाहिजे. त्यांनी तो टेबलाच्या कडेवर फोडला आणि पाणी की-बोर्डात गेलं. नवीन की-बोर्ड आला तेव्हा सरांनी हात जोडून सांगितलं की मशीनजवळ पाणी नको.

बापू म्हणाले, "मग नारल आतमदी टाक."

सरांना वाटलं, गंमत करताहेत. पण बापू गंमत करत नाहीत. सकाळी शटर उघडल्यावर पहिली एंट्री कंपनीच्या मालाची नाही करायची, पहिली एंट्री नारळाची. मालाच्या तक्त्यात रोज सकाळी नवीन ओळ: नारळ, नग एक. 'पार्टी' म्हणून एक रकाना होता, माल कोणाचा ते लिहायचा. तिथे बापूंनी सांगितलं, "घरचा." मग पुढचं काम.

सर म्हणाले, "निदान संध्याकाळी ती ओळ काढून टाकत जा."

"राहू दे. खायाला मागतंय का?"

राहू दिली. रोज राहू दिली.

* * *

आता तो दिवस, ज्याच्यावरून माझं डोकं अजून फिरतं.

सरांनी युजरचं पान उघडलं. प्रत्येकाच्या नावाने एक युजर करायचा आणि पुढे टिक लावायच्या: बघणे, टाकणे, बदलणे, काढणे. सर म्हणाले, "ज्याचं जे काम, त्याला तेवढीच टिक."

दादा म्हणाले, "कामावरनं कसं ठरवता? वयावरनं ठरवा. पंगतीला आधी कोन बसतं?"

तर बापूंना चारही टिक लागल्या. बापूंना माउस उजव्या हातात धरायचा की डाव्या, हे तोवर ठरलेलं नव्हतं. दादांना दोन: बघणे आणि टाकणे. चाचा वयाने दादांपेक्षा मोठे, म्हणून त्यांनाही दोन.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "आणि मॅडम?"

"ती बघंल की," दादा म्हणाले. म्हणजे मला एकच टिक: बघणे.

मी राग गिळणारी बाई नाही. तिथल्या तिथे म्हटलं, "दादा, काम मी करते आणि टिक तुम्हाला?"

"अगं, पुढच्या महिन्यात बघू."

तेव्हापासून पद्धत अशी: मी शेजारी उभी राहून सांगायचं, दादांनी नाहीतर चाचांनी टाकायचं, आणि त्यात चूक झाली की ती सुधारायला बापूंची वाट बघायची. चुका दिवसभर व्हायच्या आणि बापू दुपारी झोपायचे. मी दर महिन्याला टिक मागितली आणि दर महिन्याला महिना पुढे गेला. घरी गेल्यावर भाकरी थापताना मी दादांना काय काय बोलले असेन, ते इथे सांगण्यासारखं नाही.

* * *

सरांनी एक रिकामी चौकट दाखवली होती, तिच्यात हुकूम लिहिला की बदल होतो. एका पार्टीचा मोबाइल नंबर बदलायचा होता. बापूंनी ठरवलं की आपला नंबर टाकून करून बघू, मग खरा टाकू. मी सांगत होते, ते एका बोटाने टाइप करत होते. 'कोणाचा बदलायचा' हा शेवटचा तुकडा मी सांगणार, तोच त्यांनी बटण दाबलं.

सगळ्या पार्ट्यांचा नंबर बापूंचा झाला.

दिवसभर ड्रायव्हर, ट्रान्सपोर्टवाले, कंपन्यांचे मॅनेजर, जो तो पार्टीचा म्हणून सिस्टीममधला नंबर गेटवरून घेऊन बापूंना फोन करत होता. बापू प्रत्येकाला गाव विचारत होते, पाऊसपाणी विचारत होते. एका हरियाणाच्या ड्रायव्हरशी तर लग्नाच्या मुलीबद्दल बोलणं झालं. संध्याकाळी मी डोकं धरून बसले होते आणि बापू खुश. "किती दिसांनी येवडी मानसं बोलली."

वाचलो ते चाचांमुळे. सरांनी त्यांना सांगितलं होतं की डेटाची कॉपी रोज काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. चाचांनी ती पेन ड्राइव्हवर घेऊन गोडाऊनच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. सर म्हणाले, "चाचा, दुसऱ्या ठिकाणी म्हणजे दुसऱ्या इमारतीत." चाचा म्हणाले, "सर, भिवंडीत पाणी भरतं तेव्हा दुसऱ्या बिल्डिंगीत पण भरतं. वर नाही भरत."

त्या दिवशी सगळे नंबर परत आले. बापूंना मात्र थोडं वाईट वाटलं. त्याच आठवड्यात सरांचा क्लास संपला. जाण्याआधी त्यांच्याकडून बापू एक गोष्ट मन लावून शिकले: स्वतःचा पासवर्ड बदलणे आणि ते युजरचं पान. नवा पासवर्ड कोणालाच सांगितला नाही. "चावी सांगाची नसतं," एवढंच म्हणाले.

* * *

आणि मग ऑडिट आलं.

आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचा शाम्पू आणि साबण असतो, जवळजवळ निम्मी जागा त्यांचीच. त्यांचं पत्र आलं: सिस्टीममध्ये जेवढा माल दिसतो तेवढा जमिनीवर दिसला पाहिजे, गोडाऊनमधला सगळा, फक्त आमचाच नाही. फरक निघाला तर आम्ही बाजूच्या गोडाऊनला जातो. कंपनी गेली असती तर निम्मी माणसं घरी बसली असती, आणि त्या निम्म्यात मी पहिली. बघणाऱ्या बाईला कोण ठेवतो?

मी आदल्या दिवसापर्यंत सगळा माल मोजला. साबण बरोबर, शाम्पू बरोबर. सकाळी सिस्टीममध्ये शेवटची नजर टाकली आणि पहिल्याच ओळीवर अडकले. नारळ. रोजचा एक, किती महिन्यांचे ते तुम्हीच धरा. सिस्टीमप्रमाणे आमच्या गोडाऊनात नारळांचा ढीग होता. जमिनीवर एकही नव्हता.

काढायची टिक बापूंकडे, आणि त्यांचा पासवर्ड त्यांच्याच डोक्यात. बापू आदल्या रात्रीपासून अंजूरला भाच्याच्या हळदीत. फोन केला तर बापूंनी उचलला, पण मागे डीजे असा वाजत होता की "हॅलो" सोडून काही ऐकू येईना. दादांनी गाडी पाठवली, ती माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. सरांना फोन केला. सर म्हणाले, "मुख्य युजर तुम्हीच बापूंच्या नावावर करायला लावलात. माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, "दादा, नारळ बाहेर गेले अशी जावक एंट्री टाका. टाकणे तुम्हाला आहे."

दादा दुखावल्यासारखे झाले. "खोटी एंट्री? आपल्या गोडाऊनात?"

खोटी आवक आम्ही रोज सकाळी करत होतो, त्याचं काही नाही.

मग दादांनी जे केलं ते फक्त दादाच करू शकतात. चाचांना टेम्पो देऊन भिवंडी मार्केटला पिटाळलं. "सिस्टीममदी हायेत तेवढे नारल घेऊन ये. एक पन कमी नको."

ऑडिटच्या मॅडम गेटमधून आत आल्या आणि टेम्पो मागच्या दाराने. मॅडम साबण मोजत होत्या तेव्हा पलीकडे हमाल गोण्या उतरवत होते. मी मॅडमना मुद्दाम शाम्पूत गुंतवून ठेवलं. शेवटी त्या नारळांच्या ओळींपाशी आल्या.

"हे कोणाचे?"

चाचा छाती पुढे काढून म्हणाले, "घरचा माल हाय, मॅडम. सिस्टीममदी बघा."

मॅडमनी बघितलं. पार्टी: घरचा. मग मोजायला बसल्या. दोनदा मोजलं आणि मान वर केली. "एक जास्त आहे."

नारळवाल्याने एक वर दिला होता. मेला, ह्याच दिवशी त्याला औदार्य सुचावं! दादा पुढे झाले, त्यांनी वरचा नारळ उचलला, उंबऱ्यावर आपटून फोडला आणि अर्धी वाटी मॅडमच्या हातात दिली.

"तुमच्या स्वागताचा होता. आमच्यात मोजून झाल्यावर फोडतात."

मॅडमनी खोबरं खाल्लं आणि रिपोर्टवर लिहिलं: फरक नाही.

* * *

बापू दुसऱ्या दिवशी आले, अंगाला अजून हळद. नारळांच्या गोण्यांसमोर उभे राहिले. "ह्ये कशाला आनलं?"

मीच सांगितलं, सगळं. टिक कधीपासून मागतेय तेही सांगितलं, आणि सांगताना आवाज चढला तो चढलाच. बापूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग जाऊन आपल्या मोठ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी करत राहिले. आम्हाला वाटलं, नारळ काढताहेत.

झाल्यावर मला म्हणाले, "बस हितं, पोरी." आणि उठून खुर्ची माझ्याकडे ढकलली.

मी माझ्या नावाने आत गेले. चारही टिक होत्या. पहिलं काम मी नारळ काढायचं केलं. खरे नारळ बापूंनी टेम्पोत भरून अंजूरला लग्नाच्या मांडवात पाठवले.

दुपारी दादा त्यांच्या टेबलावरून ओरडले, "मनीषा, माझ्याच्यानं एंट्री व्हत न्हाय. नुसतं दिसतंय."

बापू खिडकीशी बसून तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "नारल घ्याला सुचतंय आन् पोरीला चावी द्याला सुचत न्हाय, त्यानं जरा बसावं बघत."

दादा माझ्या टेबलाशी आले. मग हळूच म्हणाले, "मनीषा, तेवढी एक टिक..."

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"पुढच्या महिन्यात बघू, दादा."