सरांविषयी दोन शब्द

"छातीवरचा नंबर काढ," सर म्हणाले.

पंधराशे मीटरची शर्यत नुकतीच संपली होती. जबलपूरमधल्या सगळ्या कॉलेजांची स्पर्धा. मी पहिली आले होते. धाप थांबत नव्हती. सरांनी मला मंडपामागे नेलं. तिथे प्राचार्यांची भाची उभी होती, नवा ट्रॅकसूट, अंगावर घामाचा थेंब नाही. माझ्या नंबराच्या फॉर्मवर नाव तिचं भरलं होतं. मला ते तेव्हा कळलं. धावायला मी, बक्षिसाच्या स्टँडवर चढायला ती.

"काहून सर?"

सर आमच्या कॉलेजचे क्रीडा अधिकारी. जगाशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. बाबा रिछाईच्या कारखान्यात हमाली करायचे. त्यांना सरांच्या मराठीचं कोण कौतुक! आपला माणूस आहे, म्हणायचे. त्या आपल्या माणसाने मराठीतच सांगितलं, आजूबाजूला कुणाला कळू नये म्हणून.

"तिला सर्टिफिकेट नोकरीला लागेल. तुमच्या लोकांना सरकार देतंच की. आणि धावायचं काय, तू उद्याही धावशील."

तुमच्या लोकांना.

मी पिना काढल्या. स्वतःच्या हातांनी. तिच्या छातीवर नंबर सरळ लावूनही दिला. वरून सरांच्या पाया पडले. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या. सरांपेक्षा मला माझीच चीड जास्त येते.

पुढे बाबांची कंबर गेली, माझं कॉलेज सुटलं. ती शिकली आणि त्याच कॉलेजात, सरांच्याच खुर्चीत क्रीडा अधिकारी झाली. मी त्याच मैदानावर कंत्राटी कामाला. गवत काढायचं, चुन्याने लेन आखायच्या. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला दीदी. बाई वाईट नाही. फक्त नजरेला नजर देत नाही.

मागच्या हिवाळ्यात सर वारले. नव्या व्यायामशाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. मॅडमनी माझ्या हातात एक कागद ठेवला.

"दीदी, बस दो शब्द बोल देना. सर ने आपको बेटी माना, यही."

कागदावर होतं, सरांनी गरिबाघरच्या मुलींना धावायला शिकवलं. ते खोटं नव्हतं. सकाळी पाचला शिट्टी घेऊन उभे असायचे. पायात काटा मोडला तर स्वतः काढायचे. म्हणून तर जास्त सलतं.

आई म्हणाली, "बोलून टाक नं बाप्पा. मेलेल्या माणसाशी काय भांडतं? काम गेलं तं काय करशीन?"

कार्यक्रमाला कॉलेज भरून माणसं होती. माइकपुढे उभी राहिले. कागद वाचला नाही. हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"उस साल पंद्रह सौ मीटर मैं दौड़ी थी. सर ने मेरा नंबर उतरवाकर मैडम को दिलवाया. मैंने उतारकर दे दिया, ये मेरी गलती थी."

माइक बंद झाला. कुणी ओरडलं नाही. मागे एक जण हसला. मॅडम मान खाली घालून बसल्या. मग पाटीवरचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या, समोसे वाटले. मलाही एक प्लेट दिली.

महिना संपताच मला काढलं. ऑफिसात गेले तर त्यांनीच विचारलं, पुरावा काय? नाही पुरावा. नोंदीत नाव तिचं, फोटोत ती. ज्या मुली तेव्हा माझ्याबरोबर धावल्या, त्यांतली एकही बोलली नाही. आता मी रिछाईच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी जोडते. आई धड बोलत नाही. न्याय मिळेल असं मला वाटत नाही. सरांच्या नावाची पाटी माझ्यापेक्षा जास्त टिकणार, हेही दिसतं.

टिकू दे. माझी शर्यत त्या माणसाने चोरली, हे मी सांगत राहणार, कुणी विचारो न विचारो. मेला म्हणून त्याला सोडणार नाही. त्याच्या नावापुढे हे हात जोडले जाणार नाहीत.